पुसून पुन्हा काढता येणारा खेळाचा पट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला रविवारी संध्याकाळी आमचा सहा जणांचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो: एक जण गोष्ट आणि नकाशा मांडतो, बाकीचे त्यात पात्रं होऊन फिरतात आणि लढतात. नकाशे मी काढतो, म्हणून पेन, मॅट (गुंडाळता येणारा प्लॅस्टिकचा पट) आणि डाग यांबद्दलचे निरोप माझ्याच फोनवर येतात. म्हापसा, डिचोली, मडगाव, सगळीकडून तेच तेच प्रश्न. उत्तरं दरवेळी नव्याने टाइप करण्याचा कंटाळा आला, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत.

१. पुसता येणारा पट लागतोच कशाला? चार्ट पेपरवर काढलं तर चालत नाही का?

चालतं की. पहिलं वर्षभर आम्ही चार्ट पेपरवरच खेळलो. अडचण अशी की खेळणारे तुम्ही काढलेल्या दाराने कधीच जात नाहीत. ते भिंत फोडतात, विहिरीत उतरतात, नाहीतर मागे फिरून तिसऱ्याच गावाला निघतात. एका संध्याकाळी तीन-चार नकाशे सहज लागतात आणि प्रत्येकात दर दहा मिनिटांनी काहीतरी खोडावं लागतं. त्यात जुलैमध्ये आपल्याकडे कागद पापडासारखा नरम पडतो आणि स्केचपेनची शाई फुटते. महिन्यातून एकदाच खेळत असाल तर कागद पुरे. दर आठवड्याला बसत असाल तर पट घ्या.

२. सगळ्यात आधी काय ठरवायचं: आकार, पृष्ठभाग की ग्रिड (घरांची जाळी)?

यातलं काहीच नाही. आधी पेन ठरवा. बहुतेक जण उलटं करतात. आधी मॅट आणतात, मग घरात सापडेल त्या मार्करने तिच्यावर काढतात आणि दुसऱ्या दिवशी मला डागाचा फोटो पाठवतात.

तुमच्या टेबलावर सारखं खाडाखोड करणारं कोणी असेल तर ड्राय इरेज (कोरड्या फडक्याने पुसलं जाणारं पेन), आणि त्याला साजेसा गुळगुळीत, टणक पृष्ठभाग: काच, व्हाइटबोर्ड, ग्लॉसी लॅमिनेशन. नकाशा चार तास जसाच्या तसा राहायला हवा असेल तर वेट इरेज (ओल्या फडक्याने पुसलं जाणारं), आणि मग व्हिनाइलची, म्हणजे मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकची, मॅटही चालते. पेन ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

३. ड्राय इरेज आणि वेट इरेज यांत नेमका फरक काय?

ड्राय इरेजच्या शाईत रंग असतो, भरभर उडून जाणारं अल्कोहोलसारखं द्रावण असतं आणि एक तेलकट घटक असतो, जो रंगाला पृष्ठभागावर घट्ट बसू देत नाही. द्रावण उडून गेलं की रंग वर पापुद्र्यासारखा राहतो आणि कोरड्या फडक्याने निघतो. पण शर्टाच्या बाहीनेही निघतो, हे विसरू नका. टेबलावर वाकून सोंगटी सरकवणारा माणूस जाता जाता अर्धी भिंत घेऊन जातो.

वेट इरेजची शाई सुकली की कोरड्या हाताला दाद देत नाही, पण पाण्यात विरघळते. ओलं फडकं फिरवलं की साफ. अर्थात घामेजलेला तळहात हेही एक ओलं फडकंच आहे (प्रश्न ७ पाहा).

४. दुकानात ‘वेट इरेज’ मागितलं तर कोणाला कळत नाही. काय मागू?

‘ओएचपी पेन’ मागा. पूर्वी कॉलेजात प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवून शिकवायचे, त्यासाठीचे हे पेन. जुन्या स्टेशनरीवाल्यांना हा शब्द लगेच कळतो. मात्र ओएचपी पेन दोन प्रकारचे असतात, पाण्याने जाणारे आणि परमनंट, आणि दोन्ही दिसायला जुळी भावंडं.

मी एकदा चष्मा घरी विसरून दुकानात गेलो, चार रंगांचा संच उचलला आणि नव्या कोऱ्या मॅटवर अख्खा बंदर-परिसर काढला: धक्का, गोदामं, तीन गलबतं. रात्री पुसायला घेतलं तर रेघ हलेना. गलबतं अजून तिथेच नांगर टाकून आहेत. प्रत्येक साहसात आम्ही ती ‘बुडालेली जहाजं’ म्हणून वापरतो.

म्हणून पेनावरची अक्षरं वाचा. ‘नॉन-परमनंट’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. श्टेडलर कंपनीचे ल्युमोकलर पेन मिळाले तर आकडा बघा: ३११, ३१२, ३१५, ३१६ हे पाण्याने जाणारे; ३१३, ३१४, ३१७, ३१८ हे परमनंट. ३१६ चं टोक ०.६ मिलिमीटर आणि ३१५ चं १ मिलिमीटर. भिंती जाड टोकाने काढा, पण खोल्यांची नावं देवनागरीत लिहायची असतील तर बारीकच घ्या. जाड टोकाने ‘श्री’ लिहून बघा, म्हणजे कळेल.

५. चुकून परमनंट मार्कर लागला. पट गेला का?

पट कशाचा आहे यावर आहे.

काच, व्हाइटबोर्ड किंवा ग्लॉसी लॅमिनेशन असेल तर घाबरू नका. त्या रेघेवरून ड्राय इरेज मार्कर गिरवा आणि ओली असतानाच पुसा. ताज्या शाईतलं द्रावण जुन्या शाईला सोडवतं. दोन-तीनदा करावं लागेल. नाहीतर औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा. घरात राहिलेलं सॅनिटायझर चालतं, पण जेलवाल्याचा चिकटपणा मागे उरतो, तो साबणाच्या पाण्याने काढावा लागतो.

व्हिनाइलवर हा ड्राय इरेजचा उपाय मुळीच करू नका. तिथे ड्राय इरेजची शाईच आत मुरते आणि एका डागाचे दोन होतात. अल्कोहोल आधी कोपऱ्यात लावून बघा, कारण छापलेल्या ग्रिडच्या रेघाही सोबत जाऊ शकतात. अ‍ॅक्रिलिकची गोष्ट वेगळी, ती प्रश्न ९ मध्ये. नेलपॉलिश रिमूव्हर व्हिनाइल आणि अ‍ॅक्रिलिक दोन्हींच्या जवळपासही आणू नका. त्यातलं अ‍ॅसिटोन प्लॅस्टिकच विरघळवतं.

६. बाहेरून मागवायची ती व्हिनाइलची मॅट घ्यावी का? तिची निगा कशी ठेवायची?

चेसेक्स कंपनीच्या मॅटसारख्या मॅटवर एका बाजूला एक इंचाची चौकोनी घरं आणि दुसऱ्या बाजूला षट्कोनी असतात. गुंडाळता येते, फाटत नाही, वर्षानुवर्षं टिकते. एकच पट घ्यायचा आणि दर आठवड्याला वेगळ्या घरी खेळायचं असेल तर मी हीच सांगेन. बाहेरून मागवणं परवडत नसेल तर प्रश्न १० आणि ११ वाचा.

पथ्यं तीन. फक्त वेट इरेज वापरा. लाल रंग टाळा, कारण व्हिनाइलमध्ये सगळ्यात आधी लाल मुरतो आणि मग नारिंगी. ड्रॅगनची आग आम्ही निळी काढतो, तक्रार अजून कोणी केलेली नाही. आणि खेळ संपला की त्याच रात्री पुसा. काळी शाईसुद्धा आठवडाभर राहिली तर फिकट सावली सोडते.

गुंडाळताना काढायची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे उलगडल्यावर कडा वर येत नाहीत. घडी घालू नका. घडी पडलीच असेल तर सकाळच्या उन्हात फरशीवर पाच-दहा मिनिटं पसरून ठेवा आणि गरम असतानाच वर वह्यांचा गठ्ठा ठेवून सपाट होऊ द्या. मे महिन्यात बंद गाडीत मात्र ठेवू नका. तिथे ती सपाट होत नाही, वेडीवाकडी होते.

७. पावसाळ्यात वेट इरेजचा नकाशा खेळता खेळताच पुसट होतो. पेन खराब आहे का?

पेन चांगलं आहे, हवा ओली आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत हात कायम दमट, शाई सुकायला दुप्पट वेळ, आणि वर पंख्याखाली बसून सगळे टेबलावर कोपरं टेकवतात.

खरा शत्रू मात्र थंड ग्लास. आमच्याकडे एकदा कोकम सरबताचा ग्लास नेमका राजवाड्याच्या दरबारात ठेवला गेला. गप्पा रंगल्या. ग्लास उचलला तेव्हा खाली एक स्वच्छ, गोल, पांढरं तळं होतं आणि त्यात सिंहासनासह दोन पहारेकरी वाहून गेले होते. तेव्हापासून ग्लास टेबलावर येत नाहीत. शेजारी एक स्टूल असतं, त्यावर.

नकाशा काढून झाला की दोन मिनिटं पंख्याखाली सुकू द्या. जाड रंगवलेले भाग (पाणी, जंगल) सुकायला सगळ्यात उशीर लावतात, म्हणून पूर्ण न भरता आडव्या रेघा ओढा. एवढं करूनही वैताग येत असेल तर जून ते सप्टेंबर काच आणि ड्राय इरेज, बाकीचं वर्ष मॅट. मी हेच करतो.

८. जेवणाच्या टेबलावर काच आहेच. तीच वापरली तर?

मग हे पान बंद करा, तुमचं काम झालं. काचेखाली एक इंची ग्रिडचा कागद सरकवा आणि वर ड्राय इरेजने काढा. काचेत शाई मुरत नाही, ओरखडे पडत नाहीत, अल्कोहोल चालतं, ड्राय आणि वेट दोन्ही चालतात. माझ्या मते याहून चांगला पृष्ठभाग नाही, आणि तो अर्ध्या घरांत आधीच असतो.

दोन गोष्टी खटकतात. काच जाड असेल तर तिरकं बघणाऱ्याला खालचं घर एकीकडे आणि वरची सोंगटी दुसरीकडे दिसते, त्यावरून वाद होतात. ‘घर कोणतं’ हे बरोबर वरून बघूनच ठरवायचं, असा नियम करा. आणि काचेवर फासे टाकले की जो आवाज होतो त्याने झोपलेलं पोर उठतं. फाशांसाठी एक ताट घ्या, त्यात जुना टॉवेल.

९. काच जड पडते. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा कसा?

दोन बाय तीन फुटांचा ३ मिलिमीटरचा अ‍ॅक्रिलिक साधारण २ किलो भरतो. तेवढीच ५ मिलिमीटरची काच ७ किलोच्या आसपास. उचलायला, भिंतीला उभा करून ठेवायला अ‍ॅक्रिलिक सोपा. नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या करणारे हवा तसा कापून देतात. कडा घासून द्यायला सांगा, नाहीतर बोटं कापतात.

उणीव अशी की त्यावर चटकन ओरखडे पडतात आणि ओरखड्यात शाई बसते. भांडी घासायची हिरवी घासणी कधीच वापरू नका. अल्कोहोल आणि काच पुसायचे अमोनियाचे फवारेही टाळा, त्यांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक चिरा पडतात. मऊ सुती फडकं आणि साबणाचं पाणी, बस्स. कोरड्या फडक्यानेही जोरात घासू नका, धूळच ओरखडे काढते.

१०. सगळ्यात स्वस्तात काय होईल? विद्यार्थी आहोत.

ग्रिड छापून लॅमिनेट करा. ए३ कागदावर एक इंचाची ११ बाय १६ घरं बसतात, ए४ वर ८ बाय ११. ए३ चे चार कागद जोडून ठेवले की बऱ्यापैकी मोठं मैदान होतं आणि एकेक खोली वेगळी ठेवता येते. दार उघडलं की पुढचा कागद लावायचा. ही मजा मोठ्या मॅटमध्ये नाही.

लॅमिनेशन ग्लॉसीच मागा. चमक नसलेल्या लॅमिनेशनवर ड्राय इरेज नीट निघत नाही. आणि कापताना चारही बाजूंना प्लॅस्टिकची अर्धा सेंटिमीटर कड सोडा. कागदाला टेकून कापलं तर कडेने हवेतला ओलावा आत शिरतो, कागद फुगतो, मागाहून आत काळे ठिपके येतात. आपल्याकडे एका पावसाळ्यात हे होतंच.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे टेबलावर घालायचं जाड पारदर्शक प्लॅस्टिक, जे बाजारात मीटरवर मिळतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताना नजर ठेवा. खाली ग्रिड, वर हे. पण हेही पीव्हीसी, म्हणजे पथ्यं प्रश्न ६ मधली.

११. फ्लेक्सवर ग्रिड छापून घेतला तर? बॅनरवाले तर गल्लोगल्ली आहेत.

ग्रिड म्हणून उत्तम, काढण्यासाठी निरुपयोगी. फ्लेक्सचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो, मार्कर त्या खाचांत बसतो आणि निघत नाही. छापणाऱ्याला वर ग्लॉस लॅमिनेशन करून द्यायला सांगा, किंवा सनबोर्डवर (पाट्यांसाठी वापरतात तो हलका फोमचा बोर्ड) छापून लॅमिनेट करून घ्या. सनबोर्ड कडक असतो, टेबल नसेल तर मांडीवर, खाटेवर कुठेही चालतो. ज्यांच्याकडे काचेचं टेबल नाही त्यांनी हेच करावं असं मी हल्ली सांगतो.

फाइल देताना एकच काळजी. ‘कागदात बसवा’ असा पर्याय निवडला गेला की ग्रिड आक्रसतो. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. घर २५ चं झालं तर एक-दोन घरांत कळत नाही, पण ३३ घरांमागे अर्धा इंच कमी पडतो आणि दुसऱ्या पटाला जोडताना रेघा जुळत नाहीत. छापल्यावर दुकानातच फूटपट्टी लावून बघा.

१२. घर एक इंचाचंच का? आणि पट किती मोठा हवा?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आताच्या नियमांत एक घर म्हणजे ५ फूट, आणि माणसाएवढ्या सोंगटीचा तळ इंचभर धरलेला असतो. दोन बाय तीन फुटांच्या पटावर १२० बाय १८० फुटांचं मैदान येतं. एका पाळीत चालण्याचा वेग ३० फूट म्हणजे सहा घरं. फायरबॉल या मंत्राचा आगीचा गोळा आठ घरं रुंद. एवढ्यात बहुतेक मारामाऱ्या मावतात. लांब धनुष्याचा साधा पल्ला १५० फूट, तो मात्र आडवा धरला तर पटाबाहेर जातो.

याहून मोठा पट घेण्याआधी टेबल मोजा. पट टेबलभर पसरला की वह्या, फासे आणि भजी कुठे ठेवणार?

१३. सोंगट्या नाहीत. नाणी किंवा कॅरमच्या सोंगट्या चालतील?

१० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, घरापेक्षा थोडं मोठं. एक-दोन ठीक, पण आठ जण दाटीवाटीने लढायला लागले की नाणी एकमेकांवर चढतात. कॅरमच्या सोंगट्या ३० मिलिमीटरच्या वर, म्हणून नकोत. शर्टाची बटणं उत्तम. राक्षसासाठी मात्र कॅरमचा स्ट्रायकर झकास दिसतो, त्याला नियमाने दोन बाय दोन घरं मिळतातच.

१४. चौकोनी घरं की षट्कोनी?

खोल्या, बोळ, घरं असतील तर चौकोनी. रान, डोंगर, समुद्र असेल तर षट्कोनी. तिरकं चालण्याचा वाद षट्कोनात उरत नाही, पण सरळ भिंत काढताना जीव जातो. ज्याच्या घरी ठिपक्यांची रांगोळी काढतात त्याने साध्या पांढऱ्या बोर्डावर नुसते ठिपके काढून बघावेत. कोपऱ्यांचे ठिपके पुरतात, रेघा लागत नाहीत आणि नकाशा स्वच्छ दिसतो.

१५. सरळ फरशीवरच काढलं तर?

गुळगुळीत, चकचकीत टाइल असेल तर ड्राय इरेज निघतं, पण आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात काढून, रात्रभर ठेवून बघा. पॉलिश केलेल्या काही व्हिट्रिफाइड टाइल्सना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यात रंग बसतो.

जुन्या गोवेकर घरांतल्या नक्षीच्या सिमेंट टाइल्सवर किंवा लाल कोब्यावर कदापि नको. त्या शाई पितात. ज्यांनी मला हे ‘करून बघितलं’ म्हणून कळवलं, त्यांच्या आजीने पुढे काय केलं ते लिहिण्यासारखं नाही.

१६. मॅटवर ठेवलेल्या सोंगट्या चिकटल्या आणि खाली खळगा पडला. असं का?

व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकला मऊ करतं. खेळाच्या चार तासांत काही होत नाही. पण फासे आणि सोंगट्या मॅटमध्ये गुंडाळून महिनाभर कपाटात ठेवल्या की चिकटतात, उन्हाळ्यात तर लवकरच. दोन्ही वेगळे ठेवा. पारदर्शक टेबलकव्हरलाही हेच लागू.

१७. स्कूटरवरून न्यायचं कसं?

मॅट असेल तर प्लंबरकडून तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोपणं घ्या. पावसात पाणी जात नाही, स्कूटरच्या पायाशी उभा राहतो. लॅमिनेट केलेले कागद दप्तरात जातात.

अ‍ॅक्रिलिकचा पत्रा पाठीला बांधून मी एकदा मांडवीच्या पुलावरून आलो. वारा आडवा होता. दोन बाय तीन फुटांचं शीड पाठीवर घेऊन स्कूटर चालवायचा अनुभव एकदाच पुरे. आता तो पत्रा ज्याच्या घरी खेळायचं त्याच्याच घरी राहतो.

१८. अख्खा किल्ला काढायचा आहे, पटावर मावत नाही.

मावणारही नाही. आग्वादसारखा किल्ला पाच फुटांच्या घरात बसवायला गेलात तर बैठकीची खोली रिकामी करावी लागेल. किल्ल्याचा एक छोटा नकाशा कागदावर काढा, त्यात एक घर ५० फुटांचं धरा आणि लढाई जिथे पेटेल तेवढाच बुरूज किंवा दरवाजा पटावर मोठा करा. कोण कोणानंतर खेळणार ती यादीही पटावर लिहू नका, जागा खाते. तिच्यासाठी शाळेची काळी पाटी घ्या.

१९. लढाई अर्धवट राहिली. नकाशा पुढच्या रविवारपर्यंत ठेवता येईल का?

काच किंवा व्हाइटबोर्डवर आठवडाभर ठेवलेलं ड्राय इरेज पुसताना जोर लागतो, पण निघतं. नाही निघालं तर प्रश्न ५ मधली गिरवायची युक्ती. व्हिनाइलवर ठेवू नका, कारण प्रश्न ६ मध्ये आहे. बरोबर वरून एक फोटो काढा, सोंगट्या कुठल्या घरात आहेत ते दिसेल असा. मग सोंगट्यांशिवाय दुसरा, आणि पुसून टाका.

आमची अशीच एक लढाई चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या रविवारी अडकली. टेबल माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या चौकटीच्या, सामानासाठी हवं होतं. फोटो न काढता मी काच तशीच उचलून खाटेखाली सरकवली. चवथ झाली, पाहुणे गेले, काच बाहेर काढली, तर मांजर तिच्यावर झोपत होतं. पूर्वेकडची तटबंदी सगळी त्याच्या पोटाला लागली होती. खेळणाऱ्यांनी एकमताने ठरवलं की किल्ला पडला.